लग्नाआधीचं नाव

खोली बघायला गेले, तेव्हा काकूंनी भाडं सांगण्याआधी माझा फोन मागितला. "जरा दे बघू," म्हणाल्या, आणि तेही इतक्या सहज, की मी तो पर्समधून काढला, अंगठा लावून उघडला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता तो टेबलावर पालथा ठेवला. म्हणाल्या, "नापास."

न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावात त्या आठवड्यात मी पाहिलेलं ते सातवं घर होतं. आधीच्या सहा ठिकाणी पगाराच्या स्लिपा मागितल्या होत्या, जुन्या घरमालकाचं पत्र मागितलं होतं. परीक्षा कुणी घेतली नव्हती.

"अनोळखी बाईनं फोन मागितला आणि तू दिलास. वर कुलूप उघडून दिलास. काम काय करतेस म्हणालीस?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"अरे देवा," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. चहा गाळेपर्यंत मागची खोली माझी झाली होती. नापास झालेल्या मुलीला खोली का दिली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. "शिकशील हळूहळू," एवढंच म्हणाल्या.

मला मुळात एका जागी बसवत नाही. रांगेत उभी राहिले की पाय हलत राहतो, कुणी गोष्ट सांगायला लागलं की शेवट मीच सांगून टाकते, मेसेज अर्धा वाचून उत्तर पाठवते. काकूंबद्दल सांगायचं तर हे आधीच कबूल केलेलं बरं. त्यांच्याबद्दल लिहायला मी याआधी तीनदा बसले आणि तीनदा उठून भांडी घासायला गेले.

त्या तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. बुटक्या, ताठ, कपाळावर बारीक टिकली, अंगात वारलेल्या नवऱ्याचा लोकरी स्वेटर आणि पायांत बारा महिने जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. हिवाळ्यात मोज्यांवर जँडल्स. मराठी मंडळात त्यांना सगळे 'हटच्या काकू' म्हणत. हटमध्ये काकू पुष्कळ होत्या, पण हा किताब त्यांनाच मिळाला होता.

आणि काकू जुगार खेळायच्या. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिते, कारण मंडळात ते सरळ कुणी म्हणत नसे. 'त्यांना घोड्यांची आवड आहे,' असं म्हणत. काकूंचे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या डॉक्टरच्या हाताखाली कंपाउंडर होते, त्यामुळे आवड होती हेही खरंच. लहानपणी त्यांनी घोड्यांच्या पायांना पट्ट्या बांधल्या होत्या. घोडा मैदानात आला की त्या फक्त गुडघ्याखाली बघायच्या. "वरचं सगळं शो असतं," म्हणायच्या.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली की काकू भाजणीच्या डब्यातून टॅब्लेट काढायच्या. हो, भाजणीच्या. मोठ्या स्टीलच्या डब्यात, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला. त्या टॅब्लेटवर आठवड्यातून एकदा बेटिंगचं खातं उघडायचं, दुसरं काहीही करायचं नाही. व्हॉट्सॲप नाही, ई-मेल नाही, नातवंडांचे फोटो नाहीत. "दुधाचं पातेलं दुधालाच," म्हणायच्या. मग चष्मा पुसून साइटचा पत्ता एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करायच्या. गूगलवर शोधायचं नाही, कारण वर जे दिसतं ते कुणी पैसे देऊन वर आणलेलं असतं. मग पासवर्ड, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायचं. मग फोनवर आलेला कोड. मग कुठल्याशा घोड्यावर दोन डॉलर. शर्यत संपली की लॉगआउट, आणि लॉगआउट झाल्याची खात्री, आणि त्या खात्रीची खात्री. दोन डॉलरच्या वर त्यांनी कधी लावले नाहीत. तशी मर्यादाच त्यांनी खात्यात घालून ठेवली होती.

"काकू, दोन डॉलरसाठी एवढा बंदोबस्त?" मी एकदा विचारलं.

"चोर दोन डॉलर बघून येत नाही गं. दार उघडं बघून येतो. आत काय आहे ते तो नंतर बघतो."

पासवर्ड त्या दर अमावस्येला बदलायच्या. भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं, त्यातल्या काळ्या गोळ्यावर नजर असायची. मी माझं ज्ञान पाजळलं की हल्ली असं सारखं बदलायची गरज नसते, लांबलचक आणि वेगळा असला की पुरे. तर म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसात नसेल गरज. मला तारीख लक्षात राहायला काहीतरी लागतं." हे मात्र धादांत खोटं होतं. काकूंना विसरणं ठाऊकच नव्हतं. कुठला घोडा कुठल्या घोडीचा, हे त्या मागच्या चार पिढ्यांसकट सांगायच्या. माझ्या हातून कप फुटला तो वार त्यांना माहीत होता, आणि त्या दिवशी मी कुठला कुडता घातला होता तेही. मी एकदा मुद्दाम त्यांना दोन वर्षांपूर्वीपासूनचे सगळे जुने पासवर्ड म्हणायला लावले. त्यांनी स्तोत्र म्हणावं तसे ओळीनं म्हणून दाखवले आणि शेवटी म्हणाल्या, "आताचा सोडून."

फसवे फोन ही त्यांची करमणूक होती. घरात अजून जुना लँडलाइन होता, तो वाजला की काकूंचा चेहरा फुलायचा. एकदा मी घरून काम करत होते तेव्हाचा फोन मी सबंध ऐकला. पलीकडचा मुलगा सांगत होता की तुमच्या बेटिंगच्या खात्यात बोनस जमा झालाय, आत्ता एक कोड येईल तेवढा वाचून दाखवा.

"हो हो, दाखवते. चष्मा आणते हं," काकू म्हणाल्या. रिसीव्हर खिडकीत ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेल्या. चांगल्या वीस मिनिटांनी परत आल्या. "आहेस का रे अजून? बराच चिवट दिसतोस. जेवलास का?" तो काहीतरी पुटपुटला. "आई कुठे असते तुझी?" त्यावर फोन बंद झाला. काकू बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसल्या. "चोवीस-पंचवीसचा असेल," म्हणाल्या. "नोकरी म्हणूनच लावलं असेल कुणीतरी त्याला."

त्यांचे नियम सोपे होते, आणि मंगळवारी लायब्ररीत कॉफी प्यायला जमणाऱ्या म्हाताऱ्या गोऱ्या बायकांनाही ते पाठ झाले होते. घाई करतो तो चोर. कोड मागतो तो चोर. 'कुणाला सांगू नका' म्हणतो तो सगळ्यात मोठा चोर. आणि कुठलीही लिंक असो, पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शेजारी एक निवृत्त ट्रेन ड्रायव्हर राहायचे, तेही शनिवारी घोड्यांवर पैसे लावायचे. त्यांना एकदा मेसेज आला की तुमचं खातं बंद झालंय, खाली दाबा. ते कुंपणाशी उभे राहून तो मोठ्यानं वाचायला लागले, तर काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावल्या. "डोन्ट टच! हँड्स अप!" म्हाताऱ्यानं खरोखर दोन्ही हात वर केले, फोन गवतात पडला. तेव्हापासून ते प्रत्येक मेसेज आधी काकूंना दाखवायचे, आणि फेजोआच्या मोसमात त्या फळांच्या पिशव्याच्या पिशव्या आणून द्यायचे.

हसण्यासारखं होतं सगळं, आणि मी हसायचेही. पण यामागे काका होते. मी राहायला जायच्या पाच वर्षं आधी काकांना असाच एक फोन आला होता, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे म्हणून. काका इंजिनिअर, हुशार माणूस. तासाभरात त्यांनी त्या माणसाला कॉम्प्युटर उघडून दिला, आणि दोघांची साठवलेली पुंजी गेली. पोलीस, बँक, सगळं झालं. परत काही आलं नाही. त्यानंतर काका मंडळात जायचे थांबले, मग फिरायला जायचे थांबले. वर्षभरात गेले. "डॉक्टर हार्ट म्हणाले," काकू सांगायच्या. "मला विचारशील तर लाजेनं गेले."

त्यांचा एकुलता एक मुलगा ऑकलंडला, ईस्ट टामाकीत एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर. चार-पाच वर्षांचा असताना इथे आला. मराठी बोलतो, वाचता येत नाही. काकांचे दिवस झाल्यावर तो म्हणाला, घर विकू, तू माझ्याकडे चल, यापुढे तुझं बँक, फोन, सगळं मी बघतो. काकूंनी त्याच्याशी पैज लावली. त्या म्हणाल्या, मला इथे माझी माझी राहू दे. ज्या दिवशी मला कुणी फसवेल, त्या दिवशी बॅग भरून मी आपण होऊन येईन. एकदा जरी फसले तरी येईन, तुला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही.

म्हणजे तो टॅब्लेट, ती भाजणी, त्या अमावस्या, सगळं काही दोन डॉलरसाठी नव्हतंच. ते घर पणाला लागलं होतं. मागचं लिंबाचं झाड, लायब्ररीतला मंगळवार, स्वतःची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. मुलगा वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. दर रविवारी फोन करायचा. पण त्या फोनमध्ये 'सगळं ठीक ना?' विचारताना तो थोडा थांबायचा, आणि काकू त्या थांबण्यावर चिडायच्या. "वाट बघतोय," म्हणायच्या.

मी टेस्टर. भेगा शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. एकदा मी काकूंना डिवचलं, "बाकी सगळं पक्कं आहे हो तुमचं, पण ते सिक्युरिटी क्वेश्चन? आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा. हे तर कुणीही शोधून काढेल."

काकू हसल्या. "प्रश्न मीच लिहिलाय. आपला आपण लिहायची सोय असते. ई-मेललाही तोच ठेवलाय. आणि उत्तर असं ठेवलंय, की ते या देशात कुणाला माहीत नाही. काकांना होतं, ते गेले." मग पोळी उलटत म्हणाल्या, "उत्तर कसं हवं सांगू? जे कधी कुणी विचारतच नाही."

एकच उत्तर दोन ठिकाणी ठेवू नये, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी पोळी खाण्यात गुंतले होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळानं पोरिरुआतला हॉल घेतला होता, आणि खेळांची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली होती. त्या आठवड्यात ऑफिसातही घाई होती. वेलिंग्टनहून घरी येताना ट्रेनमध्ये एका मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून फिरत आलेला मेसेज दिसला. 'संक्रांत विशेष! ओळखा पाहू माहेरवाशीण!' तिळगुळाचं चित्र, पतंग, खाली लिंक. पहिलं बक्षीस पैठणी. मला आयता खेळ मिळाला. मी लिंक उघडली, भरायलाही घेतली. आताचं नाव, माहेरचं आडनाव, जन्मगाव, वाढदिवस (शुभेच्छा पाठवण्यासाठी), पहिली शाळा, ई-मेल, फोन. मध्ये एक रकाना होता, 'तुमचं लग्नाआधीचं नाव'. माझा नवरा तेव्हा अजून भारतात होता, आणि सासरी माझं नाव कुणी बदललं नव्हतं, आमच्या पिढीत ते राहिलंच नाही फारसं. तिथे काय लिहावं कळेना, कंटाळा आला, मी ते सोडून दिलं. पण मेसेज बायकांच्या ग्रुपवर टाकला. काकू ग्रुपमध्ये नव्हत्या, अनोळखी नंबर फार म्हणून बाहेर पडल्या होत्या. त्यांना वेगळा पाठवला.

पाच मिनिटांत त्यांचा आवाजी मेसेज आला. "अगं, हे काय पाठवलंयस? कुणाकडून आलं? तू नीट वाचून बघितलंस का?"

मी उत्तर लिहिलं, "हो हो काकू, आपल्या मंडळाचंच आहे." आणि पुढे एक अंगठा.

हॉलमध्ये त्या दिवशी काकू हिरवी इरकल नेसून आल्या होत्या. स्वेटर नाही, जँडल्स नाहीत. त्या फॉर्मनं साठीपुढच्या बायकांमध्ये काहीतरी सुरू केलं होतं. "तू मूळची कोण गं?" असं एकमेकींना विचारत होत्या, जुन्या नावांनी हाका मारत होत्या, तोंडावर पदर धरून हसत होत्या. मी इकडून तिकडे पळत होते, वाणाच्या पिशव्या मोजत होते. कुणीतरी काकूंना विचारलेलं ऐकलं, "आणि तुमचं हो?" काकू म्हणाल्या, "मी फॉर्ममध्ये भरलंय. निकाल लागला की कळेल." त्यांचे गाल लाल झाले होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ लावायला मला वेळ नव्हता.

पुढच्या शनिवारी जेवण झालं, डबा उघडला, पत्ता टाइप झाला, मी भिंतीकडे तोंड केलं. मागून आवाज आला नाही. वळून बघितलं तर काकू टॅब्लेट मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या. "पासवर्ड चुकला म्हणतंय," त्या म्हणाल्या. काकूंचा पासवर्ड चुकतो, हे आम्हा दोघींनाही पटण्यासारखं नव्हतं.

त्यांनी फोन नंबर इंटरनेटवर शोधला नाही. खातं उघडलं तेव्हाचं पत्र फाइलमध्ये होतं, त्यावरून लावला. स्पीकरवर ठेवला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक हसतमुख आवाज. "किआ ओरा, कशी मदत करू?" नाव, पत्ता, जन्मतारीख झाली. मग तो म्हणाला, "तुम्ही एक प्रश्न स्वतः लिहून ठेवलाय. लग्नाआधी तुमचं पाळण्यातलं नाव काय होतं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. आणि त्यांनी ते नाव उच्चारलं. हळू, पण स्पष्ट, जरा अनोळखी माणसाचं नाव घेतल्यासारखं. त्याला कळलं नाही म्हणून इंग्रजीत एकेक अक्षर सांगितलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात, पेढे वाटतात, सगळे टाळ्या वाजवतात. जुन्या नावाचं पुढे काय होतं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. त्या फोनवर अक्षरं ऐकता ऐकता मला तो रकाना आठवला, मी मोकळा सोडलेला. ते नाव मी इथे लिहीत नाही.

"ऑसम, उत्तर बरोबर आहे," तो मुलगा म्हणाला. मग त्यानं समोरचं काहीतरी वाचलं. "फक्त एक आहे, मॅम. गुरुवारी तुम्ही फोन करून हेच उत्तर दिलंत आणि नंबर बदलून घेतलात."

आधी ई-मेल गेला होता, मग त्यातून हे खातं. खात्यात जे होतं ते गेलं होतं, ते फार नव्हतंच. खातं गोठवलं गेलं, पासपोर्टची प्रत मागितली गेली, सगळं रीतसर झालं. पण तोवर चोरानं काकूंच्या ई-मेलवरून सगळ्या ओळखीच्यांना पत्र धाडलं होतं, मी अडचणीत आहे, गिफ्ट कार्ड पाठवा. पहिलं पत्र मुलाला गेलं होतं. आम्ही फोन ठेवतोय तोच लँडलाइन वाजला, आणि या खेपेला काकूंचा चेहरा फुलला नाही.

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं आला. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं, काकूंना चिडलेल्या माणसाशी लढता यायचं. तो टेबलाशी बसला, आईचा हात हातात घेतला. मी चहा करत होते. मंडळाच्या ग्रुपवर मी रात्रीतच लिहून टाकलं होतं, 'तो फॉर्म भरू नका, लिंकमध्ये काहीतरी गडबड वाटते.' कुणाची गडबड, ते लिहिलं नव्हतं.

"आई, एक सांग," तो म्हणाला. "ती लिंक कुणी पाठवली? ओळखीच्या कुणी ट्रस्टवर पाठवली असेल ना, तर इट्स डिफरंट. तू चेक केलंस आणि समोरच्यानं ओके म्हटलं, मग ते तुझं फेल्युअर नाही. सिरियसली. मग मी घराचं काही बोलणार नाही. आय प्रॉमिस."

गॅसवर चहा उकळत होता. त्यानं घर परत टेबलावर ठेवलं होतं. काकूंनी फक्त बोट दाखवायचं होतं. किंवा मी वळून, मी पाठवली, एवढं म्हणायचं होतं. काकूंच्या फोनमध्ये त्यांचा प्रश्न होता, खाली माझं उत्तर होतं, पुढे अंगठा होता.

"आठवत नाही रे," काकू म्हणाल्या.

"आठवत नाही?"

"नाही. कुठून तरी आली. हल्ली लक्षात राहत नाही माझ्या."

त्याचा चेहरा बदलला. मी तो बदलताना बघितला. आई फसली, इथपर्यंत तो पैजेचा विषय होता. आई विसरते, हे वेगळंच होतं. त्यानं हात अजून घट्ट धरला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा गाळला आणि तिघांसमोर कप ठेवले. माझा हात थरथरत नव्हता, याची मला अजून लाज वाटते.

तो फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा मी काकूंच्या मागे अंगणात गेले. त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"काकू, मी सांगते त्याला. तुम्ही मला विचारलं होतंत."

"विचारलं होतं. आणि तू वाचलं नव्हतंस, तेही मला कळलं होतं. तुझं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. तेवढ्या वेळात तू पोह्यांची कृतीसुद्धा वाचत नाहीस."

"मग भरलंत कशाला?"

त्यांनी एक चिमटा काढला, दुसरा काढला. "अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाला. माहेरी मला सगळे अक्का म्हणायचे, सासरी नवं नाव. ते मधलं कुणी विचारलंच नाही गं कधी. स्क्रीनवर प्रश्न आला तेव्हा कळत होतं मला, हे लिहायचं नाही. हात थांबला नाही." मग चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, घडी घालायला. "तू काही बोलू नकोस. तो गप्प बसणारा नाही. मंडळात बोलेल, तुझ्या ऑफिसात कळवेल. टेस्टिंगवाल्या मुलीनं चोराची लिंक वाटली म्हणून. तुझी रेसिडेन्सीची फाइल इमिग्रेशनकडे आहे ना अजून? पैज मी लावली होती. मी हरले."

मी चादर धरून उभी राहिले. मला त्याला सांगायचं होतं हे खरं, आणि काकूंनी नको म्हटल्यावर छातीवरचं ओझं उतरलं हेही खरं. दोन्ही एकाच वेळी.

तीन आठवड्यांत घर रिकामं झालं. मी पोरिरुआला एका फ्लॅटमध्ये गेले. शेजारचे ट्रेन ड्रायव्हर सामान गाडीत चढवताना कुंपणाशी उभे होते, आता मेसेज कुणाला दाखवू म्हणून मला विचारत होते. काकूंनी बेटिंगचं खातं स्वतः फोन करून बंद केलं. मुलानं नको म्हटलं होतं, मी करतो म्हणाला होता. ते तेवढं त्यांनी ऐकलं नाही.

आता ई-मेल तो बघतो, बँक तो बघतो. त्यांचा फोनही बहुतेक त्याच्याच हातात असतो. नातवंडं त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात, त्या मराठीत उत्तर देतात. मी रविवारी दुपारी फोन करते. तो स्पीकरवर ठेवतो. प्रत्येक वेळी नंबर लावताना मी ठरवते, आज सांगायचं. माझी रेसिडेन्सी कधीच झाली, नोकरी बदलली, मंडळात मी जात नाही. भिण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि हे सगळं मी मराठीत लिहितेय, जे त्याला वाचता येत नाही, हेही मला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या रविवारी त्यानं स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. दार लावल्याचा आवाज आला.

"आईला मेमरी क्लिनिकला नेतोय पुढच्या वीकला," तो म्हणाला. "ते विचारतात, कधीपासून सुरू झालं. तू तिच्याबरोबर राहत होतीस, म्हणून तुला विचारतोय. त्या लिंकच्या वेळेपासूनच विसरायला लागली होती ना ती? तुला काय वाटतं?"

दाराआडून काकूंचा आवाज येत होता. नातीला त्या काहीतरी सांगत होत्या, कुठल्याशा घोड्याच्या आजीचं नाव.

"हो," मी म्हणाले. "तेव्हापासूनच जरा जाणवायचं."